मागचे स्पीकर

“या ना, आत या,” मगदूम काका दोनदा म्हणाले, तरी पप्पा दाराबाहेरच उभे. खांद्यावर वायरींनी फुगलेली रेक्झिनची बॅग, हातात हत्यारांची पेटी. चपला पायपुसण्यावर काढायच्या की अलीकडं, तेच त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी चपला काढून हातात घेतल्या.

“ह्या कुठं ठेवू?”

“राहू द्यात तिथंच,” मी म्हणाले आणि त्यांच्या हातातली पेटी ओढून घेतली. “चला पप्पा. हॉल इकडं आहे.”

त्या घरात पप्पा पहिल्यांदाच येत होते. मी तिथं राहायला लागून दोन वर्षं होत आली होती.

आई-पप्पा वेगळे झाले तेव्हा मी पाचवीत होते. आई सांगलीत एका बँकेत नोकरी करायची, तिनं विश्रामबागेत भाड्यानं जागा घेतली. पप्पा तासगावातच राहिले. ‘खराडे साउंड सर्व्हिस’ म्हणजे तासगावात सगळ्यांना माहीत. लग्न, हळद, शाळेचं गॅदरिंग, काहीही असो, कर्णे आणि स्पीकर आमचेच. पुढं आईनं मगदूम काकांशी लग्न केलं. त्यांचं औषधांचं दुकान होतं, पहिली बायको वारलेली, मूलबाळ नव्हतं. बोलायला अगदी मऊ माणूस. औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा ते शेवटपर्यंत वाचायचे. मला कधी रागावले नाहीत, कधी ‘बाबा म्हण’ म्हणाले नाहीत. मला तो त्यांचा शिष्टपणा वाटायचा.

एक शनिवार सोडून एका शनिवारी मी तासगावला जायची. दुकानामागं पप्पांची एकच खोली होती. माणसाएवढे स्पीकर रचून ठेवलेले, त्यांच्या मधल्या बोळात माझी खाट. पप्पा पहाटे कार्यक्रमावरून यायचे आणि पाय न वाजवता चहा ठेवायचे. मला ती खोली जगातली सगळ्यात चांगली जागा वाटायची. आईनं लग्न केल्यावर पप्पांनी कोर्टात अर्ज केला होता, की मुलगी माझ्याकडं राहावी. पुढच्या तारखेला जज मॅडम मला आत बोलावून विचारणार होत्या. काय सांगायचं ते माझं ठरलं होतं. वाक्यसुद्धा पाठ होतं.

असंच एकदा मी तासगावला असताना रविवारी दुपारी आईला फोन केला. ती म्हणाली, “अगं, ह्यांनी होम थिएटर आणलंय. पाच स्पीकर, एक मोठा डबा. मोठं प्रकरण आहे.”

“कुणी हात लावू नका,” मी म्हणाले. “पप्पा येऊन लावतील. काकांना त्यातलं काय कळतंय?”

“बरं, सांगते ह्यांना,” आई म्हणाली. फोन ठेवल्यावर पप्पा म्हणाले, “त्यांच्या घरात मी कशाला गं?” मग बराच वेळ एका माइकची जाळी पुसत बसले. आणि म्हणाले, “कधी जायचं म्हणतीस?”

मी संध्याकाळी सांगलीला परतले तेव्हा खोकी हॉलमध्ये भिंतीशी नीट रचलेली होती. पट्ट्या चिकटवलेल्या. काका म्हणाले, “सांगितलंस ना पप्पांना? माझ्याकडूनही सांग. वाट बघतो म्हणावं.”

तर असे पप्पा आले होते.

कामाला लागले आणि त्यांचं अवघडलेपण गेलं. खोकी फोडली. दोन स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना, एक टीव्हीखाली मधोमध, दोन सोफ्याच्या मागं, आणि दणका देणारा मोठा डबा कोपऱ्यात. सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारं मशीन टीव्हीशेजारी, प्लेअरजवळ. खोक्यातून निघालेली बारीक वायर त्यांनी दोन बोटांत धरून काकांना दाखवली.

“मगदूमसाहेब, ही वायर न्हवं, सुतळी आहे. मागच्या स्पीकरपर्यंत आवाज जाईस्तोवर निम्मा मरतोय. मी चांगली जाड तांब्याची आणलीय.”

“तुम्ही म्हणाल तसं, दिनकरराव,” काका म्हणाले. ते वेताच्या खुर्चीत बसले होते.

पप्पांनी भिंतीच्या कडेनं वायर ओढली, मी क्लिपा देत गेले. दाराच्या चौकटीवरून वायर अशी वळवली की दिसूसुद्धा नये. मी मधूनमधून काकांकडं बघत होते. बघितलंत का, असं मला म्हणायचं होतं.

मग प्रश्न आला तो डीव्हीडी प्लेअरपासून मशीनपर्यंतच्या जोडणीचा. खोक्यात दोन प्रकारच्या वायरी होत्या. एक लाल-पांढऱ्या टोकांची जोडी. ती पप्पांच्या दुकानात खुंटीला डझनानं टांगलेली असायची. दुसरी होती काळी, बारीक, चौकोनी टोकाची. पप्पांनी तिचं टोक नखानं खरवडलं, डोळ्यांजवळ नेलं.

“ह्यात तांबंच न्हाई. नुसतं प्लॅस्टिक. ह्यातनं आवाज कसला जातोय?”

काका खुर्चीत थोडे पुढं सरकले. काहीतरी बोलणार असं वाटलं. पण ते परत मागं टेकून बसले. पप्पांनी ती काळी वायर ड्रॉवरमध्ये टाकली आणि लाल-पांढरी जोडली.

खोक्यात एक नमुन्याची डिस्क होती. विमान समोरून येतं आणि डोक्यावरून मागं जातं, असं तिच्यावर होतं. पप्पांनी ती लावली. समोरून विमान घरघरत आलं, काचा थरथरल्या. आणि पुढं गेलंच नाही. समोरच विरलं.

“मागचे बोलंनात,” पप्पा म्हणाले.

ते सोफ्यामागं गेले, गुडघ्यांवर बसले, स्पीकरला कान लावला. काही नाही. वायर सोडवून परत आवळली. डावा उजवीकडं, उजवा डावीकडं केला. मग खिशातून पेन्सिल सेल काढून स्पीकरच्या वायरीला टेकवला. स्पीकरनं ‘खट्’ केलं. दुसऱ्यानंही केलं.

“स्पीकर जिता आहे. वायर जिती आहे. मग मशीनच बाद दिसतंय.”

त्यांनी पुन्हा डिस्क लावली. पुन्हा विमान समोरच विरलं. पुन्हा. पप्पांचा शर्ट पाठीला चिकटला होता. पंखा पूर्ण वेगात होता तरी त्यांच्या हनुवटीवरून घाम गळत होता. आई चहा घेऊन आली आणि सवयीनं म्हणाली, “अहो, चहा...”

दोघांनीही मान वर केली.

आईचा चेहरा लालबुंद झाला. तिनं ट्रे टीपॉयवर ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. दोघांनीही कपाला बराच वेळ हात लावला नाही.

माझ्या मांडीवर माहितीपुस्तक होतं. त्यात चित्र होतं, अगदी लहान मुलालाही कळेल असं. लाल-पांढऱ्या वायरीतून फक्त पुढच्या दोन स्पीकरपुरता आवाज जातो. सगळे बोलायला हवे असतील तर ती चौकोनी टोकाची लावायची. मला हे कळून बराच वेळ झाला होता. म्हणजे काकांना कळलेलं असणारच. औषधाचा कागद वाचणारा माणूस हे पुस्तक सोडणार नाही. मी त्यांच्याकडं टक लावून बघत होते. आता हसतील, आता ‘अहो दिनकरराव, जरा पुस्तक बघा’ म्हणतील. त्यांच्या तोंडावर हसण्याची एक रेघ जरी दिसली असती, तरी मी जन्मभर त्यांचं तोंड बघितलं नसतं.

काका म्हणाले, “दिनकरराव, राहू द्या आजच्या दिवस. मशीनच खराब असेल तर दुकानदाराला सांगू. ऊन उतरायला लागलंय. आम्हा जैनांच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात, तुम्हालाही आज आमच्याबरोबर लवकर बसावं लागेल.”

“लावल्याशिवाय मी जेवणार न्हाई,” पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. हाच आवाज ऐकत मी पाचवीपर्यंत मोठी झाले होते. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

मी उठले. ड्रॉवर उघडून ती काळी वायर काढली.

“पप्पा, ही एकदा लावून बघू या? नाही चालली तर काढू.”

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या मांडीवरून खाली पडलेल्या पुस्तकाकडं. त्यांनी वायर घेतली आणि एक टोक प्लेअरच्या मागं खोचलं. दुसऱ्या टोकातून लाल उजेड आला.

“उजेड?”

“उजेडातनंच आवाज जातो. पुस्तकात लिहिलंय.”

त्यांनी ते टोक तळहातासमोर धरलं. हातावर कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका पडला. पप्पा तो ठिपका कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी टोक मशीनमध्ये खोचलं आणि डिस्क लावली.

विमान समोरून आलं, आमच्या डोक्यांवरून गेलं आणि सोफ्यामागच्या भिंतीतून लांब निघून गेलं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन छताकडं बघत उभी राहिली. मी टाळ्या वाजवल्या.

“अजून काय करायचंय बघ पुस्तकात,” पप्पा म्हणाले.

मी वाचलं. बसायच्या जागेपासून प्रत्येक स्पीकर किती लांब आहे, ते मशीनला सांगायचं होतं. पप्पांनी पेटीतून टेप काढली. मी रिमोट दाबून टीव्हीवर तो तक्ता आणला.

“मागचा डावा,” पप्पा टेप ओढत म्हणाले, “साडेचार फूट.”

“इथं साडेचारच आहे.”

“असंल. मागचा उजवा. सोफा एका अंगाला आहे न्हवं, कपाटामुळं. सहा फूट.”

“सहाच आहे पप्पा! मशीनला आपोआप कळतं वाटतं.”

पप्पांनी टेप सोडली. ती सर्रकन् आत गेली. त्यांनी पडद्यावरचे आकडे वाचले. सोफ्याकडं बघितलं, मागच्या स्पीकरकडं बघितलं, आणि मग काकांकडं. काका स्वतःच्या हातांकडं बघत होते.

“हां,” पप्पा म्हणाले. “हुशार आहे मशीन.”

मग सगळे जेवायला बसले. पप्पांनी भात दोनदा घेतला, आईला ‘आमटी चांगली झालीय’ म्हणाले. हात धुतल्यावर काकांनी मला सांगितलं, “मयूरी, पप्पांना तुझी खोली दाखव.”

वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत पप्पा खुर्चीच्या काठावर बसले. टेबल, पुस्तकं, खिडकीबाहेरचं सीताफळाचं झाड, सगळं त्यांनी सावकाश बघितलं. मग उठून दाराजवळ गेले आणि कडी सरकवून बघितली.

“आतनं लागती व्हय?”

“हो. मी अभ्यासाला बसले की लावते.”

“कुणी काय म्हणत न्हाई?”

“दार वाजवून येतात.”

त्यांनी कडी परत काढली. तासगावच्या खोलीत दुकान आणि माझी खाट यांच्यामध्ये एक पडदा होता. पडद्याच्या अलीकडं कामाची पोरं वायरी गुंडाळत बसलेली असायची. मला त्यात कधीच काही वाटलं नव्हतं.

टेम्पो त्यांनी गल्लीच्या तोंडाशी लावला होता. मी सोडायला गेले. बॅग मागं टाकून ते चाकाशेजारी उभे राहिले.

“मयू, ते आधीच चालू होतं गं.”

“काय?”

“ते मशीन. तुझ्या काकांनी जोडलेलं होतं सगळं. अंतरं मोजून भरली होती. मी येणार म्हणून त्यांनीच सोडवून परत खोक्यात घातलं.”

मला एकदम संताप आला. “म्हणजे तुमची मजा बघायला बोलवलं त्यांनी?”

“मजा बघायची असती तर मी चुकत होतो तवा बोलले असते. दोन तास चुकत होतो मी. तुझ्यासमोर. एक अक्षर बोलला न्हाई तो माणूस.” पप्पांनी रस्त्याकडं बघितलं. “मी असतो तर बोललो असतो. तुझ्या आईला मी किती वेळा चारचौघांत बोललोय, तू ऐकलंयस.”

“वकिलानं सांगितलं असेल त्यांना. घरी बोलवा, खोली दाखवा म्हणून.”

“असंल की. तेही असंल, आणि चांगुलपणाही असंल. माणूस एकाच कारणासाठी काय करत न्हाई.” त्यांनी टेम्पोचं दार उघडलं. “तू हितंच राहा. मी अर्ज मागं घेतो.”

“आणि मला कोण विचारणार?”

ते आत बसले. “दारं लावून घे जाऊन,” एवढंच म्हणाले आणि टेम्पो सुरू केला.

घरी येऊन मी आईला विचारलं. ती ओटा पुसत होती. “तुझा फोन आला तेव्हा आम्ही सिनेमा बघत बसलो होतो,” ती म्हणाली. “मी फोन ठेवला, ह्यांना सांगितलं. ह्यांनी टीव्ही बंद केला आणि स्क्रू ड्रायव्हर आणला. मी म्हटलं, वेड लागलंय का. तर म्हणाले, ह्या निमित्तानं घरी येतील तरी.”

तारखेच्या दिवशी मी मधल्या बाकावर बसले होते. एका बाजूला आई आणि काका, दुसऱ्या बाजूला पप्पा, इस्त्रीच्या शर्टात. पप्पांच्या वकिलांनी उठून सांगितलं की अर्जदारांना अर्ज चालवायचा नाही. जज मॅडमनी मान डोलावली आणि लिहायला लागल्या. झालं. दोन मोठी माणसं एकमेकांशी सज्जनपणानं वागली आणि माझा निकाल लागला.

मी उभी राहिले. “मॅडम, मला विचारणार होता ना?”

वकील मागं वळून ‘बस, बस’ करायला लागले. मॅडमनी पेन खाली ठेवलं. “बोल बाळ. तुला काय सांगायचंय?”

“मला पप्पांकडे राहायचंय.” पाठ केलेलं वाक्य होतं, ते न अडखळता आलं.

मॅडमनी पप्पांकडं बघितलं. “खराडे, मुलगी काय म्हणते ऐकलंत. तुम्हाला अजून विचार करायचा असेल तर मी तारीख देते. ठेवून घ्याल तिला?”

पप्पा उभे राहिले. माझ्याकडं बघितलं नाही त्यांनी. बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

“नाही, मॅडम.”

कारण सांगितलं नाही, ‘एकच खोली आहे, पडदा आहे, मी फटकळ आहे’, असलं काही नाही. नुसतं ‘नाही’. काकांनी मान खाली घातली. आईनं माझा हात धरला, तो मी सोडवून घेतला.

त्यानंतर मी तासगावला जायचं बंद केलं. पप्पा मात्र ठरल्या शनिवारी यायचे. फाटकाबाहेर टेम्पो लावायचे. आई वर येऊन सांगायची, मी आतून कडी लावून बसायची. मग काका चहाचे दोन कप घेऊन खाली जायचे आणि दोघं पायरीवर बसायचे. वरून मला त्यांचे शब्द कळायचे नाहीत. बहुतेक वेळ ते गप्पच असत. चहा संपला की पप्पा कप विसळून पायरीवर पालथा घालायचे आणि जायचे. काकांनी मला एकदाही ‘खाली जा’ म्हटलं नाही. तेही मला नको होतं. कुणीतरी हाताला धरून ओढावं, असं वाटायचं.

दहावीची परीक्षा संपली त्या शनिवारी मी खाली गेले. काका मला बघून उठले, कप तसाच ठेवून आत गेले. मी पायरीवर बसले, पप्पांपासून जरा लांब.

“पेपर कसे गेले?” पप्पांनी विचारलं.

“बरे.”

मी काकांनी ठेवलेला कप बाजूला सरकवला. मग मी म्हणाले, “तुम्ही सगळ्यांसमोर नाही म्हणालात.”

“व्हय.”

“मला आधी सांगायचं होतं. मला विचारायचं होतं.”

“विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. आणि तू एकदा हो म्हणालीस की माझ्याच्यानं नाही म्हणवलं नसतं.”

“कोर्टात म्हणवलं की.”

पप्पा हातातल्या कपाकडं बघत राहिले. “कसं म्हणवलं ते माझं मला ठाऊक,” ते म्हणाले. “त्या दिवशी कोर्टातनं परत जाताना तासगावच्या अलीकडं टेम्पो बाजूला लावला. अंधार पडेस्तोवर चालवताच आला न्हाई.”

आईनं दारातून बघितलं आणि आत गेली. मी उठले, वर जाऊन दोन कपडे पिशवीत कोंबले आणि खाली आले.

“उद्या संध्याकाळी आणून सोडायचं,” मी म्हणाले.

“सोडतो.”

“आणि ह्यापुढं माझं काही ठरवायचं असेल तर मला विचारायचं.”

“विचारीन,” पप्पा म्हणाले. मग जरा थांबून, खरं तेच बोलावं म्हणून बोलल्यासारखे म्हणाले, “पण तू म्हणशील तसंच करीन, असं न्हाई.”

मला रडू आलं आणि रागही आला, आणि मी टेम्पोचं दार जोरात आपटलं. पप्पांनी टेम्पो सुरू केला. तासगाव येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.